मोळीवालीच्या खांद्यावरचं ऊन

१

मंगळवारी सकाळी दहाला दोन मिनिटं कमी असताना चित्रसंग्रहालयाचे संचालक तीन नंबरच्या दालनात शिरले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे सवयीने नजर टाकली आणि हातातला चहाचा कप तसाच धरून उभे राहिले. चित्र जागच्या जागी होतं. चौकट होती, झाडं होती, झाडांमधून आत जाणारी पायवाटही होती. पायवाटेवरची बाई तेवढी नव्हती.

फोन गेला तो कापूसताईंना. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. काडीला गुंडाळलेला कापूस सदा हातात, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं ते असं की त्यांच्या सख्ख्या भावजयीनेही तेच उचललं. वय बावन्न, गळ्यात दोन चष्मे. चित्रांशी गोड बोलायच्या आणि माणसांशी तुटक, असा त्यांचा लौकिक होता. तो निम्माच खरा होता, पण त्या बदलायच्या भानगडीत पडत नसत.

आल्या त्या थेट चित्रापुढे उभ्या राहिल्या. हे चित्र त्यांना पाठ होतं. एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराचं हे काम. उन्हाळाभर रानात मुक्काम ठोकायचा, टिनाच्या पेटीत रंगांच्या नळ्या भरून झाडापुढे बसायचा, आणि थंडीत घरी परतून त्या छोट्या अभ्यासचित्रांवरून मोठं चित्र उभं करायचा. त्याच्या हयातीत लोक त्याला रानवेडा म्हणत, आणि आता तेच नाव कौतुकाने घेत. चित्रात रानाशिवाय काहीच घडत नाही, तरी त्यापुढे आलेला माणूस आपसूक हळू आवाजात बोलू लागतो. त्यातली ती बाई बोटभर उंचीची, डोक्यावर काटक्यांची मोळी, अंगावर लाल शाल. संग्रहालयाच्या पोस्टकार्डावर तीच होती आणि दारावरच्या पाटीवरही तीच.

"पंधरा दिवसांनी हे मोठ्या प्रदर्शनाला जायचंय," संचालक म्हणाले. "आणि यातली बाई पळाली, असं मी पत्रात लिहू?"

"काका काय म्हणतात?"

काका म्हणजे दालनाचे पहारेकरी. बावीस वर्षं ते या चित्रासमोरच्या लाकडी खुर्चीत बसत होते. आत्ता मात्र ते खिडकीशी उभे होते, पाठ करून.

"मला काही माहीत नाही," काका खिडकीलाच म्हणाले.

संचालकांनी ताईंना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "रविवारी संध्याकाळी बाई जागेवर होती, हे काका स्वतःच सांगतात. सोमवारी संग्रहालय बंद. किल्ली एकट्या काकांकडे. तुम्हीच सांगा मी काय समजायचं? गुरुवारी तीनला समिती बसतेय. तोवर दुसरं काही निघालं नाही तर काकांची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मागच्या दोन खोल्याही."

त्या दोन खोल्यांत काका आणि काकू राहत. अठरा वर्षं ताई तिथे हातपाय धुवायला आणि दुपारचा डबा खायला जात होत्या.

"गुरुवार म्हणजे परवा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा चष्मा चढवला.

२

चित्र भिंतीवरून उतरवून खिडकीपाशी टेबलावर आडवं ठेवलं. ताईंनी भिंग काढलं.

पहिली गोष्ट लगेच दिसली. बाई खरवडून काढली असती तर तिच्या जागी भोक दिसलं असतं, निदान कॅनव्हासचा धागा तरी. तिथे भोक नव्हतं, रान होतं. नेच्याची तीन पानं, त्यांवर पडलेला उन्हाचा एक कवडसा, आणि पायवाटेचं वळण. सगळं पुरं केलेलं, निगुतीने. रानवेड्याची रीत ताईंना ठाऊक होती. आधी सगळ्या कॅनव्हासवर तपकिरी हात, त्यावर पातळ पारदर्शक अंधार, आणि उजेड अगदी शेवटी, जाड रंगाने ठेवलेला. इथेही कवडशाचा रंग बोटाला लागेल इतका जाड होता. ज्याला पुढे बाई काढायची आहे तो तिच्याखाली एवढा जाड उजेड कशाला ठेवील?

दुसरी गोष्ट शोधायला अर्धा तास गेला. दीडशे वर्षांच्या जवळ गेलेल्या चित्राला बारीक तडे जातातच. या तड्यांमध्ये लाल कण अडकले होते. म्हणजे शालीचा लाल रंग तड्यांत उतरला होता. म्हणजे शाल रंगवली तेव्हा तडे आधीच पडलेले होते.

"अगं, तू तर नंतर आलीस," ताई नसलेल्या बाईला म्हणाल्या.

बाई रानवेड्याने काढलीच नव्हती. चित्र म्हातारं झाल्यावर कुणीतरी तिला आणून उभी केली होती, वॉर्निशच्या वरून.

आठ वर्षांपूर्वी याच चित्रावरची धूळ आणि काजळी ताईंनी काढली होती, बाईच्या शालीवरचीसुद्धा. तेव्हा हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. तेव्हा त्या मळ बघत होत्या, चित्र नव्हे. त्यांनी स्वतःला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि काडीवर कापूस गुंडाळला.

कापूस त्यांनी जिभेला लावला. थुंकीइतकं सौम्य औषध जुन्या चित्राला दुसरं नाही, असं त्या सांगत आणि ऐकणारे नाक मुरडत. खिडकीशी उभ्या काकांनी ते पाहिलं आणि झटकन मान फिरवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

ओला कापूस ताईंनी एका तड्यावर टेकवला. लाल कण लगेच विरघळून कापसावर आला. शेजारच्या तड्यावर टेकवला, तिथला लाल ढिम्म हलेना. त्यावर स्पिरिटचा थेंब दिला तेव्हा कुठे तो सुटला. त्यांनी दोन्ही कापूस कागदावर शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिल्या. एक लाल पाण्याने सुटणारा, दुसरा स्पिरिटने. शाल एकच होती आणि रंग दोन निघाले होते.

३

या गावात मोळीवालीचा खुलेआम राग करणारी एकच व्यक्ती होती. रानवेड्याच्या पणतूची बायको, निवृत्त शिक्षिका. सासरच्या वारशाचा अभिमान तिने असा काही अंगावर घेतला होता की सगळे तिला वारसबाई म्हणत. दर महिन्याला ती संग्रहालयात यायची, चित्रापुढे उभी राहायची आणि तक्रारवहीत एकच वाक्य लिहून जायची, 'या चित्रातली बाई आमची नाही.'

ताईंनी बातमी सांगितली तेव्हा वारसबाई पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली आणि हसल्या.

"गेली एकदाची. बसा. पाणी घेता?"

"तुम्ही घालवलीत?"

"मनातून रोज. हाताने नाही. सोमवारी मी डोळे तपासायला गेले होते, दिवसभर डोळ्यांत थेंब घालून बसवलं होतं. त्या दिवशी मला माझा हात दिसत नव्हता, तिथे बोटभर बाई काय दिसणार?"

त्या उठून एक जुनी वही घेऊन आल्या. रानवेड्याच्या हातची. कडा झिजलेल्या, अक्षर झाडाच्या मुळांसारखं वेडंवाकडं. एका पानावर त्याने लिहिलं होतं की चित्रात माणूस काढला की बघणारा माणसाकडेच बघतो आणि रान मागे पडतं, म्हणून पायवाट रिकामी ठेवायची.

"तो गेल्यावर चित्र एका व्यापाऱ्याकडे गेलं," वारसबाई म्हणाल्या. "नुसतं रान कोण घेणार? म्हणून त्याने कुणाकडून तरी बाई काढून घेतली. तीही अशी की डोळ्यांत खुपावी. चाळीस वर्षं मला ती खुपतेय."

"शेवटची कधी खुपली?"

वारसबाई थांबल्या. "गंमत आहे. रविवारी गेले होते, दुपारी. आणि रविवारी नाही खुपली. पहिल्यांदाच. मी जरा वेळ उभीही राहिले. म्हटलं, वय झालं आपलं, राग उतरत चालला." त्यांनी पुन्हा जुडी उचलली. "तक्रारसुद्धा लिहिली नाही."

ताई दारापर्यंत पोचल्या, तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या. काकू एरवी फोनवर हवापाण्याची चौकशी केल्याशिवाय मुद्द्यावर येत नसत.

"ताई, लवकर या," काकू म्हणाल्या. "हे कबुली लिहायला बसलेत."

४

काकांपुढे कोरा कागद होता आणि त्यावर तारीख तेवढी लिहून झाली होती. काकू शेजारी बसल्या होत्या. पेन त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं आणि द्यायला त्या तयार नव्हत्या.

"मीच पुसली," काका म्हणाले.

ताई खाली बसल्या. "कशी?"

"तुम्ही करता तशीच. मंगळवारी साहेब बघायला येणार होते, प्रदर्शनासाठी. सोमवारी दालन झाडताना बघितलं तर तिच्या गालापाशी माशीचा ठिपका. बावीस वर्षं समोर बसतोय मी तिच्या. म्हटलं, लोकांपुढे जायचंय, तोंड स्वच्छ असावं बिचारीचं. कापूस घेतला, काडीला गुंडाळला, जिभेला लावला. तुम्ही केलं होतं तसंच, हलक्या हाताने, गोल गोल." त्यांनी कोरा कागद दूर सारला. "ठिपका गेला आणि गालही गेला. घाबरून पुसायला गेलो तर सगळीच गेली. पाच मिनिटांत, ताई."

काकूंनी पदराने डोळे पुसले. ताईंना आठ वर्षांपूर्वीची दुपार आठवत होती. काका मागे उभे राहून विचारत होते, थुंकीने कसं निघतं हो, आणि त्या ऐटीत सांगत होत्या, थुंकीने मळ निघतो काका, रंग कधी निघत नाही. स्वतःच्या हुशारीचं कौतुक करून घ्यायची ती हौस आता त्यांच्या चांगलीच अंगाशी आली होती.

आणि मग त्यांना आपलंच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

"काका, तो कापूस टाकलात?"

"कसा टाकणार? तिचाच रंग तो." काकांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत चार-पाच लालसर बोळे होते.

ताईंनी वाटीभर पाणी मागितलं आणि एक बोळा त्यात सोडला. पाणी लाल झालं, बघता बघता. काकू पुढे वाकल्या.

"आठ वर्षांपूर्वी मी हिच्या अंगावरून थुंकीचा कापूस फिरवला," ताई म्हणाल्या. "अर्धा तास. शालीचा कणसुद्धा हलला नव्हता. जुना रंग पाण्याला दाद देत नाही. हा बघा कसा पळतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पुसलीत खरी, काका. पण तुम्ही पुसलीत ती जुनी बाई नव्हेच."

५

काका गोंधळले, पण काकू सावरल्या. "मग ती होती कोण? रविवारपर्यंत तर होती. आमच्या भाचीचं कुटुंब आलं होतं रविवारी, यांनी कौतुकाने दालन दाखवलं. फोटोपण काढला त्यांनी."

"फोटो कुठाय?"

काकूंच्या फोनमध्ये होता. भाची, जावई, दोन मुली, सगळ्यांची तोंडं उन्हात आल्यासारखी आक्रसलेली, आणि मागे चित्र. ताईंनी बोटांनी फोटो मोठा केला. लाल शाल दिसली, मोळी दिसली. त्यांनी पिशवीतून संग्रहालयाचं जुनं पोस्टकार्ड काढून शेजारी ठेवलं.

"काका, काही वेगळं वाटतं?"

काकांनी चष्मा पुसला. "रविवारी ती मला जरा खूश वाटली होती. हिला बोललो पण मी. ही म्हणाली, तुम्हाला काहीही वाटतं."

"खांदे बघा."

पोस्टकार्डावरच्या बाईचा उजवीकडचा खांदा उजळ होता. रानातलं ऊन मात्र डावीकडून येत होतं, झाडांच्या सावल्या झाडून सगळ्या उजवीकडे पडल्या होत्या. व्यापाऱ्याच्या माणसाने घाईत बाई उभी केली आणि ऊन कुठून येतंय ते पाहिलंच नाही. म्हणून ती चाळीस वर्षं वारसबाईंना खुपली, का खुपते हे न कळता. फोनमधल्या बाईचा डावीकडचा खांदा उजळ होता. तिच्यावर रानातलंच ऊन पडलं होतं, आणि म्हणून रविवारी ती कुणालाच खुपली नाही.

ताईंनी बोटांवर हिशेब मांडला. जुनी बाई रविवारच्या आधीच गेलेली. तिच्या जागी पाण्याच्या रंगात नवी काढलेली. काढणाऱ्याजवळ पाण्याचे रंग होते, हात चटपटीत होता आणि नजर इतकी पक्की होती की चुकलेलं ऊन त्याला चुकीचं काढताच आलं नाही. बाई काढता येणारे गावात दहा जण सापडतील. ऊन असं काढणारा एकच होता.

"शनिवारी दालनात कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"ड्रॉइंग मास्तर. तीन आठवडे येतायत, परवानगी काढून, याच चित्राची नक्कल करतायत. फार सज्जन माणूस. ते होते म्हणून तर मी चारला निर्धास्त चहाला गेलो." काका बोलता बोलता थांबले. "ताई, छे. मास्तर?"

६

बुधवारी दुपारी शाळेत परीक्षा संपली होती. चित्रकलेच्या वर्गात दोरीवर चाळीस कागद वाळत होते, चाळीस घरं आणि चाळीस डोंगर. मास्तर एकेकाखाली थांबून मार्क देत होते. सगळ्यांना चांगलेच मार्क मिळत होते. टेबलावर पोस्टर कलरच्या बाटल्या उघड्या पडल्या होत्या, लालची सर्वांत रिकामी.

ताईंना पाहून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ती आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मास्तर छोट्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले. मग त्यांनी सगळं सांगितलं, फारसं न थांबता, जणू कुणी विचारायची वाटच बघत होते.

"रानवेड्याचा अंधार पातळ असतो, तुम्हाला माहीतच आहे. वर्षं गेली की तो आत बुडतो, मातकट दिसायला लागतो, आतलं काही कळत नाही. स्वतःच्या चित्रात असं झालं की आम्ही काय करतो? टर्पेंटाइनचं ओलं फडकं हलकं फिरवतो. क्षणभर रंग वर येतो, खोली दिसते, पुन्हा वाळतं. सवय आहे ती, ताई, चाळीस वर्षांची. शनिवारी मी त्या बाईच्या पायाजवळचा काळोख बघत होतो, नेचे आहेत का दगड आहे ते कळेना. हात आपोआप गेला. मी माझ्या घरात नाही हे लक्षात आलं तेव्हा शाल फडक्यावर होती."

"व्यापाऱ्याच्या माणसाने वॉर्निशमध्ये कालवून काढली होती. टर्पेंटाइनला टिकणं शक्यच नव्हतं."

"हे मला आता कळतंय. तेव्हा धाबं दणाणलं होतं. काकांना यायला दहा मिनिटं. शाळेतून परस्पर आलो होतो, पिशवीत मुलांचे पोस्टर कलर. साबणाचा थेंब घातला की ते वॉर्निशवर धरतात. काढली."

"तेलरंगात का नाही काढलीत? तुमच्यासमोरच होते."

मास्तरांनी मान वर केली. एवढ्या वेळात पहिल्यांदा ते ठामपणे बोलले. "दुसऱ्याच्या चित्रावर पक्का रंग लावायचा हक्क मला कुणी दिला? ओल्या कापसाने निघेल असंच काढलं. मंगळवारी येऊन संचालकांना सांगायचं ठरवलं होतं. मग परीक्षा लागली." ते थांबले. "परीक्षेचं निमित्त झालं, ताई. धीर झाला नाही."

ताईंनी पोस्टकार्ड आणि फोटो त्यांच्यापुढे ठेवला. "ऊन का बदललंत?"

"कुठलं ऊन? मी होती तशीच काढली."

ते दोन्हीकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अरेच्चा," ते म्हणाले. "हात गेला असेल."

"उद्या तीन वाजता काकांना काढून टाकतायत," ताई म्हणाल्या. "खोल्यांसकट."

मास्तरांना हे ठाऊकच नव्हतं. ते असे उठले की बाक मागे कलंडला. "उद्या कशाला? आत्ता चला," म्हणत ते चपला शोधू लागले, आणि त्या त्यांच्या पायातच होत्या.

७

तरीही समिती बसली ती गुरुवारीच, नियमाप्रमाणे, तीन नंबरच्या दालनात. संचालक आणि आणखी दोघं. मास्तर, वारसबाई, काका आणि काकूही होते. काकूंना बोलावलं नव्हतं. त्या वाद घालायच्या तयारीनेच आल्या होत्या आणि घरून निघताना मुद्दे तीनदा म्हणून पाहिले होते.

त्यांच्यावर ती वेळच आली नाही. ताईंनी सगळं क्रमाने सांगितलं. पाणी, स्पिरिट, दोन लाल रंग, दोन खांदे. मास्तर मधेच उभे राहून "मीच" म्हणाले. काकाही उभे राहून "पण हात मीही लावला" म्हणाले. मग ताईंनाही बसवेना. "यांना हे शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "अर्धवट शिकवलं, आणि मिरवायला शिकवलं. ठपका ठेवायचा तर माझंही नाव लिहा."

संचालकांनी कपाळाला हात लावला. तीन दिवस चोर सापडत नव्हता आणि आता तिघं रांगेत उभे होते. समितीतले दोघं एकमेकांच्या कानाला लागले. शेवटी ठराव झाला. तिघांनाही लेखी समज द्यावी, मास्तरांनी नक्कल पुरी करावी, पण ताई समोर असतानाच, आणि पहारेकऱ्याची नोकरी आहे तशी चालू राहावी. काकूंनी मुद्दे मनातल्या मनात गुंडाळून ठेवले. एवढे चांगले मुद्दे वाया गेल्याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

"आता शेवटचं," संचालक म्हणाले. "बाईचं काय करायचं? मास्तर पुन्हा काढू शकतात. लोक तिच्यासाठी येतात."

वारसबाई तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "काकांना विचारा. सगळ्यात जास्त त्यांनी पाहिलंय तिला."

चित्र पुन्हा भिंतीवर लागलं होतं. काका त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. बराच वेळ गेला. समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं.

"मला ती आवडायची," काका म्हणाले. "उगाच खोटं कशाला बोलू? आठवण येईल. पण मला इतकी वर्षं वाटायचं, वाट तिच्यापाशी संपते. वाट तर वळून पुढे गेलीय, आत. उजेड तिकडे आहे." ते जरा अवघडले. "राहू द्या तशीच, साहेब."

वारसबाईंनी रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, बरंच मोठ्याने. संचालकांनी ठरावात एक ओळ वाढवली. मग खुर्च्या सरकल्या, कागदांवर सह्या झाल्या आणि मंडळी बोलत बोलत बाहेर पडली. ताई मागे राहिल्या, कापूस आणि बाटल्या आवरत.

काकू दालनातच होत्या. बावीस वर्षं त्या या भिंतीच्या पलीकडे राहत होत्या, पण नवऱ्याचा डबा दारातच द्यायच्या. आत कामाची जागा, आपण कशाला जायचं, असं त्यांचं मत होतं. आता काकांची खुर्ची रिकामी होती म्हणून त्या टेकल्या. समोर बघितलं. आधी झाडं, मग झाडांमधला अंधार, मग त्यात उतरलेला तो एक कवडसा.

"चला," काका म्हणाले. "स्वयंपाक राहिलाय ना?"

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.

काका थांबले. पाच वाजले, बंद करायची घंटा झाली, बाहेरच्या दालनांचे दिवे एकेक करून गेले. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि उठायचं नावच घेत नव्हत्या. काका खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. ताई चपला हातात घेऊन पाय न वाजवता बाहेर पडल्या, आणि त्या दिवशी तीन नंबरचं दालन पावणेसहाला बंद झालं.